चेसिसवरचे दोन ठोके

सुरुवातीलाच सांगतो, भूत-आत्मे वगैरेंच्या गोष्टी कोणी काढल्या की मी तिथून उठून जाणारा माणूस. या सदरातले अनुभव वाचूनही मी हसलोच आहे. तरी आज लिहून राहिलो, कारण हे मनात ठेवून डोकं फुटायची वेळ आली आहे.

मी भिलाईत जुनवानीला राहतो आणि कुम्हारीत हायवेलगतच्या गॅरेजात डिझेल इंजिनांचं काम करतो. माझा मोठा भाऊ – दादा – एका शेठचा जुना ट्रक चालवायचा. त्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरचं हेड, म्हणजे वरचं झाकण, वेगळं, आणि हेड जिथे मॅनिफोल्डला – धूर गोळा करणाऱ्या नळीला – जोडलं जातं तिथून सायलेन्सरकडे जायचा धूर बाहेर गळायचा. केबिनमध्ये शिरायचा. दादाचं डोकं दुखायचं, उलट्या व्हायच्या. सांध्यातलं गॅसकेट, म्हणजे धूर अडवणारी चकती, बदला म्हणून शेठला किती वेळा सांगितलं! त्याचं एकच – "गॅसकेट ही तो है, अगली फेरी में देखेंगे." मग मागच्या हिवाळ्यात लोडिंगच्या लाइनीत, काचा बंद, इंजिन चालू, आणि दादाचा डोळा लागला... तो उठलाच नाही. शेठने हार आणला, हात जोडले, आणि तेरवी व्हायच्या आत नवा ड्रायव्हर ठेवला.

आता कुठे त्या ट्रकची दुरुस्ती निघाली. तीही आमच्याच गॅरेजात! अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण दुसऱ्या कोणी थातूरमातूर करून दिला असता, तर खेमलाल – तो नवा ड्रायव्हर, नुकतंच लग्न झालेला – त्याच केबिनमध्ये झोपला असता. म्हणून काम मीच घेतलं. मॅनिफोल्ड घासून सपाट केला, तुटून अडकलेला स्टड-बोल्ट काढला, सगळी गॅसकेट नवी टाकली.

भर दुपार होती. इंजिन तापवून बोल्ट पुन्हा कसायचे होते, म्हणून मी केबिनमध्ये रेस देत बसलो. चालू इंजिनात वरच्याला खालच्याचं ऐकू येत नाही. त्यामुळे आमच्याकडे खालचा माणूस पान्याने चेसिसवर, म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर, ठोकतो – एक ठोका म्हणजे रेस वाढव, दोन म्हणजे बंद कर. दादा गॅरेजात आला की स्वतः खाली शिरायचा आणि मला वर बसवायचा. दोन ठोके मारून झाले की पाना चेसिसवर घासायचाही. "ऐकू येऊन राहिलं का रे बहिऱ्या?" हे त्याचं ठरलेलं.

टण् टण्... सर्रर्र.

मी इंजिन बंद केलं. खाली उतरून पाहिलं, कोणीच नाही. खेमलाल समोरच्या टपरीवर, हातात चहाचा ग्लास. तापलेलं लोखंड वाजतं, तेवढं मलाही कळतं. पुन्हा चालू केलं. पुन्हा टण् टण्... सर्रर्र. या वेळी तळपायाला जाणवलं. दोनदा 'बंद कर' म्हणजे काहीतरी राहिलं असणार.

खेमलालला हाक मारून वर बसवलं आणि मी उदबत्ती पेटवून एकेका हेडजवळ धरत गेलो. गळती असेल तिथे उदबत्तीचा धूर थरथरतो. सगळ्यात मागच्या हेडपाशी, केबिनच्या अगदी खाली, तो फडफडला. गॅसकेटजवळ नाही – हेडलाच तडा होता, काजळीखाली झाकलेला. नवं गॅसकेट टाकून काही उपयोग नव्हता.

शेठचा फोन आला – "चल रही है ना? शाम को निकाल दे." मी हेड उतरवून जमिनीवर ठेवलं आणि म्हटलं, आता पाहतो कशी काढतोस ते. झक मारत नवं हेड आणलं त्याने.

कोणी म्हणेल भास झाला. म्हणा बापा. संध्याकाळी वहिनींना सगळं सांगितलं. वाटलं, थोडं बरं वाटेल त्यांना. त्या पोळ्या लाटत होत्या, लाटतच राहिल्या.

"खेमलालसाठी आले," त्या म्हणाल्या. "माही पोरगी रोज दाराकडे पाहून राहते, भाऊजी. तिच्यासाठी कावून नाई आले?"

ठोके कोणी मारले हे मला आजवर कळलेलं नाही.