अंबाबाईचा संध्याकाळचा ताप

अंबाबाईच्या थुंकीत क्षयाचे जंतू सापडले तेव्हा तिला अठ्ठाविसावं वर्ष चालू होतं. चामराजपुरमात तिचे यजमान भुजंगराव कापड रंगवायचे, आणि लुगड्यावर ठसे उमटवण्यात तिचा हात धरणारं घरात कोणी नव्हतं.

क्षयाच्या इस्पितळात डॉक्टर गंगाधररावांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला. डाव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला सुपारीएवढा डाग होता.

"दोन वाटा आहेत," ते म्हणाले. "सुईनं छातीत हवा भरून हे फुफ्फुस दाबायचं, म्हणजे त्याला विसावा मिळेल. दर पंधरवड्याला, दोन-तीन वर्षं. त्यात धोका आहे, लपवत नाही. नाहीतर सहा आठवडे पडून राहा, रोज संध्याकाळी ताप बघा. ताप नसला, वजन टिकलं, तर नुसती नजर ठेवू. पण ताप असताना थांबलो आणि उजवंही धरलं, तर मग सुई टोचता येणार नाही."

गल्लीतले सयाजीराव हीच सुई घेतल्यावर तिसऱ्या दिवशी गेले होते. भुजंगराव घाईनं म्हणाले, "आम्ही थांबतो."

अंबाबाईनं अंथरूण धरलं. रोज संध्याकाळी भुजंगराव तिच्या जिभेखाली थर्मामीटर ठेवायचे, खिडकीशी नेऊन बघायचे आणि वहीत लिहायचे. "अठ्ठ्याण्णव." रोज तेच. इकडे दिवेलागणीला तिचे डोळे जळायचे, चोळी सैल होत चालली होती.

पाचव्या आठवड्यात थर्मामीटर तोंडात असतानाच गिऱ्हाइकानं हाक मारली आणि ते बाहेर गेले. तिनं तो काढून पाहिला. आकडे तिला येत नव्हते, पण बाणाच्या खुणेपर्यंत ठीक, हे डॉक्टरांनी दाखवलं होतं. पारा बाणाच्या चार रेघा पुढे होता. तिनं थर्मामीटर पुन्हा तोंडात धरला.

भुजंगरावांनी येऊन पाहिलं, लिहिलं.

"किती?"

"अठ्ठ्याण्णव."

"अहो, मी पाहिलाय."

ते उंबऱ्यावर बसले.

"सुम्मने, उगीच खोटं का लिहिलंत? कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून," ते खाली बघत म्हणाले. "मला सयाजीरावच दिसत होते गं."

तिला राग आला, पण रागाहून भीती मोठी होती. एवढ्या दिवसांत उजव्या बाजूला काय झालं असेल?

सकाळी इस्पितळात भुजंगराव वही पुढे करणार तोच ती म्हणाली, "त्यातले आकडे खरे नाहीत, डॉक्टर. ताप रोज येतो."

डॉक्टरांनी भुजंगरावांकडे पाहिलं. नवा फोटो काढला. तो वाळेपर्यंत दोघं बाकावर बसून होती. तिनं पदराचं टोक बोटाला इतकं आवळलं की बोट पांढरं पडलं.

डाग दुपटीनं वाढला होता. उजवी बाजू अजून स्वच्छ होती.

"सुई लावा," अंबाबाई म्हणाली. कागदावर यजमानांची सही लागत होती. भुजंगरावांनी ती केली.

पहिल्या वेळी तिचा श्वास अर्ध्यावरच अडला, डोळ्यांपुढे अंधारी आली. तिसरा दिवस उलटेपर्यंत भुजंगराव नीट जेवले नाहीत. पुढे अडीच वर्षं सुया चालल्या. ताप महिन्याभरात उतरला, थुंकी मात्र वर्षानं स्वच्छ झाली.

जिना चढताना तिला कायम धाप लागायची. तरी ती पुन्हा ठसे उमटवायला बसली. एका लुगड्याला आता तीन दिवस लागायचे, आणि तिला घाई कर असं कोणी म्हणत नसे.