केझाया थॉर्नच्या तीन नोंदी

मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या गावात केझाया थॉर्नचं उरलंय काय, तर प्रार्थनाघराच्या वहीतल्या दोन नोंदी आणि कोर्टाच्या कागदातली एक. जहाजातून उतरली तेव्हा तिचं नावसुद्धा कुणी धड लिहून घेतलं नाही. मधलं सगळं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलोय, तसं.

१६७१ सालच्या त्या शनिवारी तिला कळा सुरू झाल्या आणि तिचा जीव खिडकीतल्या उन्हात अडकला. शनिवारी सूर्य बुडाला की शब्बाथ, म्हणजे देवाचा पाळायचा वार, लागतो. शब्बाथला जन्मलेलं मूल शब्बाथलाच पोटात राहिलं, म्हणजे आईबापांनी तो वार बाटवला, असा पाळकांचा अजब हिशेब. अशा मुलाला ते बाप्तिस्मा देत नसत. आधीचं मूल तिनं बाप्तिस्म्याविनाच पुरलं होतं.

"काकू, ऊन गेलं का हो?"

"उन्हाचं मी बघते. तू जोर लाव," सुईण प्रूडन्स लंट म्हणाल्या.

मुलगा झाला तेव्हा घरात दिवा लागला होता. लंटकाकूंनी मात्र दाराशी घुटमळणाऱ्या नवऱ्याला बेधडक सांगितलं, "सूर्य होता अजून. मी पाहिलाय." दुसऱ्या दिवशी बाप्तिस्मा झाला. ही पहिली नोंद.

महिन्याभरात पोर तापानं फणफणलं. देवाला फसवलं, आता तो मूल परत मागतोय, हेच केझायाच्या डोक्यात. रविवारी भर सभेत उभी राहून तिनं सगळं ओकून टाकलं. दुसरी नोंद त्या कबुलीची. तिला माफी मिळाली, पोराचा तापही उतरला. लंटकाकूंना मात्र बाळंतपणं करायची बंदी झाली. त्या समोरून आल्या की केझाया तोंड चुकवायची.

दोन वर्षांनी पुन्हा दिवस भरले. नवरा समुद्रावर, दाराशी गुडघाभर बर्फ, मूल आडवं आलेलं. शेजारच्या घरात लंटकाकू होत्या, पण हाक मारायची कुठल्या तोंडानं? ती उशीत तोंड खुपसून ओरडत राहिली.

तिसरी नोंद कोर्टाची. प्रूडन्स लंट हिनं बंदी मोडून थॉर्नबाईची सुटका केली, मायलेकी सुखरूप, सबब लंट हिला दिवसभर खोड्यात बसवावं.

"तुला बोलावलं कुणी?" न्यायाधीशानं विचारलं होतं.

"कुणी नाही. पोरगी ओरडत होती, ते भिंतीपलीकडे ऐकू येत होतं."