कांचनताईंचं हिमालयातलं बियाणं

बडोद्यातल्या फतेगंजच्या कांचनताई घाटगे यांची थट्टेची खोड जुनी. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या तेव्हा, वर्षानुवर्षं अबोला धरलेल्या दोन भावांचे फोन त्यांनी परस्पर जोडून दिले होते. फोन दुसऱ्यानंच केलाय, असं दोघांनाही वाटलं आणि अबोला सुटला.

निवृत्तीनंतर त्या हिमालयात फिरून आल्या. उंचावरच्या कुरणात गाईडनं त्यांना पेडिक्युलॅरिस दाखवलं. गुलाबी, हत्तीच्या सोंडेसारखं वळलेलं फूल. पानं हिरवीगार, स्वतःचं अन्न स्वतः करणारी. तरी मुळं शेजारच्या गवताच्या मुळांत खुपसून हे झाड पाणी पळवतं. ताईंना ते फारच आवडलं.

परतल्यावर त्यांनी फोटो शेजारच्या धवलभाईंना दाखवला. गच्चीवरच्या बागेचा धवलभाईंना भारी अभिमान. बडोद्यात उगवणार नाही असं झाडच नाही, असं ते म्हणत. त्यांनी बी मागितलं. तिथून पानही तोडून आणायला मनाई, तेव्हा बी कुठलं असणार, पण थट्टा केल्याशिवाय ताईंना राहवेना. त्यांनी तांदळज्याचं बारीक काळं बी पुडीत बांधून दिलं आणि बजावलं, कुंडीत गवत हवं, रोज सकाळी बर्फ घालायचा.

धवलभाई खरंच नर्सरीतून हिरवळ घेऊन आले. रोज सकाळी बर्फाचा ट्रे घेऊन जिना चढू लागले. ताई आधी खिडकीआड हसायच्या. पुढे मे तापला, धवलभाईंचा गुडघा कुरकुरू लागला, आणि ताईंना चहा गोड लागेना. खरं सांगून टाकावं म्हणून त्या दोनदा दारापर्यंत गेल्या नि पावलं मागे फिरली.

एका दुपारी धवलभाईच डबा घेऊन आले. आत लसणाची फोडणी दिलेली तांदळज्याची भाजी.

"लो कांचनबेन, हिमालयाची भाजी."

ताईंना तोंड लपवायला जागा उरली नाही. "कधी कळलं तुम्हाला?"

"पहिली पानं फुटली तेव्हाच. तांदळजो मी नाही ओळखणार?"

"मग रोज बर्फ कशाला नेत होता वर?"

"छाशमध्ये, ताकात घालायला. वर वारा मस्त असतो. आणि तुमचं तोंड रोज थोडं थोडं उतरत होतं, ते वरून चांगलं दिसायचं."

ताई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. मग भाजी बोटानं चाखून भाकरी टाकायला उठल्या आणि आतूनच विचारलं, हिमालयाच्या भाजीत मीठ जरा कमी पडलंय का?