ओट्याखालचा पाट

"बसून होतं ते उभ्यानं कशाला करायचं?" असं म्हणत बाई पायाचा अंगठा ओट्याखाली घालायच्या आणि हलकासा हिसका द्यायच्या. त्यासरशी आतून एक रुंद सागवानी पाट चाकांवर सरसरत बाहेर यायचा. मग बाई पदर खोचून त्यावर मांडी घालायच्या, विळी पुढ्यात घ्यायच्या आणि खालून वर बघत म्हणायच्या, "हं, बोल आता."

बसलेल्या माणसासमोर उभं राहून बोलताना आपणच काहीतरी मागायला आल्यासारखं वाटतं, हे मला त्यांच्या स्वयंपाकघरात कळलं.

तुमच्याही शेजारी अशी एखादी बाई असेल. तिनं तुमचं काही वाकडं केलेलं नसतं, उलट अडीनडीला तीच धावून येते. आणि तरी तिच्या घरातून फोडणीचा वास आला की आपली भाजी आपल्यालाच फिकी लागते. माझ्या नशिबी या होत्या. नगरला सावेडीच्या पुढे आमची रो-हाउसं आहेत. दोन घरांच्या मध्ये एकच भिंत, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना स्वयंपाकघर.

त्यांचं नाव फाटकावरच्या पाटीवर होतं, पण ते कुणी वापरत नसे. निम्म्या कॉलनीला त्यांनी शाळेत शिकवलेलं, म्हणून त्या सगळ्यांच्या 'बाई'. वडील मास्तर, आजोबा मास्तर. शिकवते मीही, ज्युनिअर कॉलेजला, अर्थशास्त्र. पण त्यांच्याकडे पुस्तकांचं कपाट आजोबांपासूनचं, आणि आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात आजही माझं उदाहरण देतात. हे मी कुणालाही सांगते, आणि सांगताना मान खाली घालत नाही. बाईंना मात्र स्वतःबद्दल कधी काही सांगावंच लागत नसे. माझ्या जळण्याची सुरुवात तिथूनच झाली असावी.

आम्ही घर घेतलं त्याच वर्षी बाई निवृत्त झाल्या आणि त्यांनी स्वयंपाकघर नव्यानं करायला काढलं. माझ्याकडेही नुसत्या चार भिंती होत्या. मी शोरूममधून रंगीत कॅटलॉग आणला. बाईंनी अकोल्याकडचा एक सुतार मिस्त्री बोलावला.

त्या मिस्त्रीची माप घेण्याची पद्धत निराळीच होती. त्यानं विटा रचून खोटा ओटा केला आणि बाईंना त्यावर सगळा स्वयंपाक खोटाखोटा करायला लावला. बाई रिकाम्या परातीत कणीक मळतायत, रिकाम्या तव्यावर नसलेली पोळी उलटतायत, आणि मिस्त्री कानाला पेन्सिल लावून बघतोय, खांदा कुठं जातो, कोपर कुठं अडतं. मध्येच एक वीट काढायचा, एक चढवायचा. आम्ही बायका खिडकीतून बघत होतो. बाईंनी आमच्याकडे बघून हात झटकला आणि म्हणाल्या, "बघा, तुमच्यामुळे पोळी करपली."

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण मनात आलं, नोकरी संपल्यावर या बाईसाठी एक माणूस दिवसभर उभा राहून तिचं कोपर बघतोय. माझं कोपर आजवर कुणी बघितलंय?

पाटाची कल्पना बाईंची. "उभी हयात फळ्यासमोर उभी राहिले," त्या मिस्त्रीला म्हणाल्या, "आता मला बसायला जागा कर." त्यानं ओट्याखाली जमिनीलगत तो पाट बसवला, दोघी शेजारी शेजारी बसतील एवढा. बाजूला एका बर्नरची शेगडी ठेवायला कोनाडा केला.

मग त्या माझ्याकडे आल्या. "मिस्त्री आहेच इथं. तुझंही माप घेऊ दे. त्या कॅटलॉगमधलं कुणाच्या मापाचं असतं?"

"सगळ्यांच्या," मी म्हणाले.

बाईंना ते पटलं नाही. त्यांना पटणारही नव्हतं, कारण त्यांचे कपडे लहानपणापासून त्यांच्या मापाचे होते. आमच्या गावचा शिंपीही माप घ्यायचाच. पण टेप गळ्यात अडकवून तो आईला विचारायचा, "वाढत्या अंगाचं ना?" आणि आई म्हणायची, "व्हय." म्हणजे झगा मला शिवलेला नसायचाच, दोन वर्षांनी जी मुलगी होणार होती, तिला शिवलेला असायचा. तिच्याएवढी होईपर्यंत तो विटून जायचा, की पुन्हा नवं माप, पुन्हा वाढत्या अंगाचं. नगरला कॉलेजात आले तेव्हा कापड बाजारात पहिला तयार पंजाबी ड्रेस घेतला. दुकानातल्या आरशात बघितलं तर खांद्याची शिवण खांद्यावर होती. मला न बघता कुठल्या कारखान्यात कुणीतरी तो शिवला होता, आणि तो मला बरोबर बसला होता. तेव्हापासून तयार वस्तूवर माझा जीव आहे. मॉड्युलर किचन घेतलं त्याचा मला आजही पस्तावा नाही.

टेम्पो आला, खोकी उतरली, आणि मिस्त्री शेजारी अजून रंधाच मारत होता तोवर माझं स्वयंपाकघर उभं राहिलं. पांढरंशुभ्र, मुठी नसलेलं. दार दाबलं की उघडतं, सोडलं की स्वतःहून हळूच मिटतं. कॉलनी बघायला आली. मी वाट बघत होते ती एकाच चेहऱ्याची.

बाईंनी एक दार दाबलं, सोडलं, ते मिटताना वाकून बघितलं. पुन्हा दाबलं. "किती लाजाळू आहे गं," त्या म्हणाल्या. "छानच. माझी मेली सगळी आपटतात."

मनापासून म्हणाल्या. तेच मला झोंबलं. त्यांचा चेहरा जरासा तरी पडायला हवा होता.

पुढे वडील गेले आणि मी आईला नगरला आणलं. गावाकडे भाऊ आहे, वहिनी आहे, पण मी हट्टानं आणलं. तिनं जन्मभर मातीत बसून, धुरात डोळे चोळत रांधलं. ते मी डोळ्यांनी बघितलं होतं, आणि शिकताना एकच गोष्ट ठरवली होती की माझ्या घरात आईला खाली बसून काम करावं लागणार नाही. ती माझ्याकडे राहावी, कायमची राहावी, एवढंच मला हवं होतं. ते चकचकीत स्वयंपाकघर मी तिच्यासाठीच मांडलं होतं म्हटलं तरी चालेल.

आई आली, दारात उभी राहिली, म्हणाली, "लई भारी हाय गं." आणि दोन्ही हात मागे बांधून घेतले.

काही घ्यायचं तर विचारायची, "ह्याला हात लावू का?" ओट्यापुढे उभी राहून भाकरी थापायला गेली तर तिला जमेना. ओटा तिच्या छातीला. मी उंच स्टूल आणलं. त्यावर ती शेतात पाखरं राखायला माळ्यावर बसल्यासारखी दिसायची. "उभ्यानं पिठावर भार पडत न्हाई," म्हणाली, "भाकर वातड हुती." एकदा कॉलेजातून आले तर पांढऱ्या फरशीवर पोतं टाकून बसलेली. मी ओरडलेच. "आता खाली बसायचे दिवस गेले, आई." तिनं पोतं घडी करून ठेवलं.

चार दिवसांनी मीच शोरूमवाल्याला फोन केला. खाली बसून काम करता येईल असं काही बसवता येईल का, विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, कंपनीत बसायचं मॉडेल नाही."

आई म्हणायला लागली, "मी जाते गावाला." रोज नाही, पण दर बाजारच्या दिवशी एकदा.

आणि मग ते बोलणं एकदम थांबलं. मला बरं वाटलं. वाटलं, रुळली.

एका दुपारी लवकर सुटले. आमच्या दाराला कुलूप. भिंतीपलीकडून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. कुणाचे हात आहेत ते मला सांगावं लागलं नाही. त्या आवाजावर मी लहानाची मोठी झालेय.

बाईंच्या दारातून बघितलं तर त्या पाटावर दोघी मांडीला मांडी लावून बसलेल्या. आई थापतेय, बाई शेंगदाणे सोलतायत. माझ्या घरात हात मागे बांधणारी माझी आई तिथं फर्मावत होती, "बाई, तुमची परात लई उथळ हाय. उद्याच्याला आमच्यावानी खोल आना."

"आणते. पण काल तुम्ही मीठ विसरलात ते आधी कबूल करा."

"इसरले न्हाई. तुमच्या मिठालाच चव न्हाई."

आणि दोघी हसल्या. आई इतकं हसते हे मी विसरले होते.

"ये, बस," बाई सरकत म्हणाल्या.

"कॉलेजच्या साडीवर नाही बसत," मी म्हणाले. पाटावर तिसरीला जागा नव्हती, हेही खरं.

घरी आल्यावर मी आईला विचारलं, "आपल्याकडे काय कमी आहे?"

"कमी कशाचंबी न्हाई. समदं हाय." मग म्हणाली, "समदं वरच हाय."

रात्री नवरा म्हणाला, "आई आपल्याकडे राहतात की शेजारी? आपल्याकडे नुसत्या झोपायला येतात." त्याला गंमत वाटत होती. मला नाही. बाई जमिनीवर बसल्या तर ती त्यांची आवड. माझी आई जमिनीवर बसली तर ती आमची गरिबी. त्यांना खाली बसणं शोभतं, कारण त्यांना कुणी कधी खाली बसवलेलं नाही. आणि माझ्या घासातला घास काढून घ्यावा तशी त्यांनी माझी आई एका पाटावर काढून घेतली होती. आई गावाला जात नव्हती, ते माझ्यासाठी नव्हे. हे मला रोज भिंतीतून ऐकू यायचं.

असं बरेच महिने चाललं. मी बाईंशी गोड बोलत राहिले. संक्रांतीला तिळगूळ दिला, तोही गोडच होता.

मग बाईंच्या मुलीनं त्यांना नाशिकला न्यायचं ठरवलं. घर विकलं गेलं. निघायच्या आदल्या दिवशी बाई फाटकाशी भेटल्या. म्हणाल्या, "तुझी आई माझ्याकडे बसून काय बोलायची, ठाऊक आहे? तुझं. माझ्या पोरीच्या घरातली दारं आपसूक मिटतात, तुमची आपटतात. माझ्या पोरीची फरशी अशी, माझ्या पोरीचा गॅस तसा. माझ्याच पाटावर बसून माझ्या स्वयंपाकघराला नावं. कधी कधी रागच यायचा मला."

त्या हसत होत्या, पण राग खरा असावा. निदान मी तो खरा मानून ठेवलाय.

घर घेतलं कोपरगावकडच्या एका तरुण जोडप्यानं. ती दोघं माझं स्वयंपाकघर बघायला आली. मुलीनं दार दाबलं, सोडलं आणि नवऱ्याला म्हणाली, "असंच पाहिजे." एरवी मी कॉलनीभर सांगितलं असतं. पण दुसऱ्या आठवड्यात भिंतीपलीकडे घण पडायला लागले आणि मिस्त्रीनं कोपर बघून उभा केलेला ओटा तुटताना आम्ही ऐकला. आई खुर्चीत बसून ऐकत होती. संध्याकाळी नुसतं म्हणाली, "मी जाते आता गावाला." या वेळी बाजाराचा दिवस नव्हता. तिनं कपाटातून पिशवीही काढली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आले तर आई स्वयंपाकघरात होती. शेजारच्या फाटकाबाहेर राडारोडा टाकला होता. त्यातून तिनं तो पाट उचलून कडेवर आणला होता. चाकं मोडून गेलेली, एका कडेला घणाचा घाव. तो माझ्या पांढऱ्या फरशीवर टाकून ती त्यावर बसली होती आणि सवयीनं माझ्या कपाटांच्या तळाला पायाचा अंगठा लावत होती. तिथं काय असणार? पण खालची पट्टी खटकन निघून तिच्या पायावर पडली. ती नुसती अडकवलेली असते, हे मलाही माहीत नव्हतं. आई वाकली, आत बघितलं. कपाटं बारक्या पायांवर उभी होती आणि खाली सगळी पोकळ जागा.

"आगं," आई म्हणाली, "हितं तर मोकळंच हाय की."

तिनं पाट आत लोटला. गेला. मी पिशवी कपाटात परत ठेवून आले.

आता आई रोज तो पाट अंगठ्यानं ओढते, शेजारी शेगडी मांडते आणि भाकरी थापते. थापल्याचा आवाज आता भिंतीच्या माझ्या बाजूनं येतो. फक्त पाट आत पुरता बसत नाही. तो बाईंच्या ओट्याच्या मापाचा, माझी कपाटं कंपनीच्या मापाची. चार बोटं बाहेर राहतो. घाईत चहा ठेवायला गेले की मला त्याची हमखास ठेच लागते. मी पाय धरून उभी असते, आणि आई तव्यावरून नजर न काढता म्हणते, "हळू गं. बाईंचा पाट हाय त्यो."