आबांच्या अंगणातलं गाऱ्हाणं

अठ्ठ्याण्णवच्या शिमग्यात माझा घसा बसला नव्हता. हे आजवर मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा.

आमची वाडी रत्नागिरीपासून आत, डोंगराला लागून. शिमग्यात ग्रामदेवाची पालखी घरोघरी येते, आणि प्रत्येक अंगणात त्या घरासाठी देवाला गाऱ्हाणं घातलं जातं. ते घालायचे आबा, माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. एरवी हळू बोलणारा माणूस. पण पालखीला हात लावून "बा म्हाराजा" म्हटलं की वाडीतली कुत्रीसुद्धा गप्प व्हायची. कुणाचं काय अडलंय ते सगळं त्यांना पाठ. मागणं मात्र एकच, "ह्यांचं ओझं ह्यांना पेलू दे."

आई चिडायची. "भावजी, ओझंच काढून घ्यायला सांगा की!"

"वैनी, पालखी जड लागली म्हणून कोण देवाला खाली टाकतो काय? खांदा घट्ट कर, एवढंच बोलायचं."

स्वतःच्या घरचं गाऱ्हाणं स्वतः घालायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आबांच्या घरचं मी घालायचो, शिकवलंही त्यांनीच. त्या वर्षी काकू अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळल्या होत्या. आणि शेताच्या बांधावरून आमच्या दोन घरांत बोलणं बंद होतं.

पालखी त्यांच्या अंगणात आली. आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी गळ्याला हात लावून मान हलवली. त्या अंगणातल्या गाऱ्हाण्याचा मान आमच्या घराचा, म्हणून दुसरं कुणी पुढे होईना. शेवटी आबाच पालखीला टेकले. "म्हाराजा, तुला ठावं हाय. मी दमलोय. आता तूच बळ दे."

"व्हय म्हाराजा!" वाडी गरजली. घसा बसलेल्या मला तेवढंही म्हणता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच बांध ओलांडून आबा आले. हातात आलं-मिऱ्याचा काढा.

"कशाला, आबा?" मी मुद्दाम घोगरा आवाज काढला.

"गरम हाय तवर पी. घसा जप, बाबू. माझ्यामागं तुलाच घालायचं हाय."

पुढे कैक वर्षं काकूंना त्यांनी एकट्यानं उठवलं-बसवलं. कसं जमतं विचारलं की म्हणायचे, "मी कुठं उचलतो? तो मागनं हात लावतो."

काकू गेल्या, मग आबाही. आता वाडीचं गाऱ्हाणं मी घालतो. त्यांचा मुलगा शिमग्याला मुंबईहून येऊन घर उघडतो. त्या अंगणातही मी घालतो, मुलासाठी, नातवंडांसाठी. पण ज्या वर्षी आबांनी माझ्याकडे पाहिलं, त्या वर्षीचं राहिलंय. ते एक गाऱ्हाणं मी त्यांचं देणं लागतो.