पंचवीस मिनिटांचा रेडिओ

चांगदेवला मी त्यो शेंबडा हुता तवापासनं वळखते. कसलीबी वस्तू दिसली की तिचं पोट उघडून बघायची त्याची खोड. गावात कुणाचं घड्याळ बंद पडलं की लोकं आधी त्याच्या आईला, ताईबाईला, इचारायची, "तुझा ल्योक कुठं हुता गं सकाळी?" मी त्याला डागदरच म्हणायची. चष्मा नाकावर घसरलेला, खिशाला टेस्टर, आन् चालणं असं की सगळ्या वडगाव रासाईची नाडी ह्यालाच बघायचीय.

दौंडात एका रेडिओवाल्याच्या दुकानात त्यानं पाच वर्षं काढली. चौऱ्याहत्तर साली ताईबाईचं डोळं गेलं, म्हणून गडी बायकोला, ललिताला, घेऊन गावात परत आला. बौद्धवाड्यात घराम्होरं टेबल मांडलं. पर गावात रेडिओ किती? मोजून सात. त्यावर काय घर चालतंय? तेवढ्यात पंचायतीनं रेडिओ आन् दोन कर्णे घ्यायचं ठरवलं, गावाला बातम्या ऐकवायला. त्यांची देखभाल आन् रस्त्यावरचं दिवं बघायला एक माणूस पगारावर ठेवायचा हुता. ती जागा मिळाली तर चांगदेव आईपाशी राहणार, न्हाईतर परत दौंड. ताईबाई काय आपलं घर सोडून तिकडच्या खोलीत जायला तयार नव्हती. हाताला सवयीच्या भिंती लागतात म्हणायची.

सरपंच कोण? तर माझा धाकटा भाऊ, मी त्याच्याच घरात राहते. गावाला बबनराव, मला बबन. त्यो चांगदेवला म्हणाला, "आधी माझा सेट धड करून दाखव, मग बघू."

आमच्या सेटचं दुखणं तसं मजेशीर. जुना व्हॉल्वचा सेट, ट्रंकेएवढा. लावला की झकास वाजायचा, आन् बातम्या रंगात आल्या की मुका. जरा येळानं लावला की परत पोपटावानी बोलायचा. बबन त्याच्या डोक्यावर थापट्या मारायचा. मी म्हणायची, बबन, तुझ्या भाषणाला आम्हीबी एवढाच येळ टिकतो.

चांगदेव आला आन् ओसरीच्या कडंला बसला. आमच्याकडं बौद्धवाड्यातलं माणूस ओसरीच्या आत घेत न्हाईत. सेट माजघरात, देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात. बबननं त्यो उचलून भायेर आणून दिला. चांगदेवनं वहीत लिहून घेतलं, किती मिनिटांनी बंद पडतो, कितींनी परत चालतो. पंचवीस मिनिटं, रोज. सायकलला बांधून घेऊन गेला.

आधी त्यानं एक व्हॉल्व बदलला. घरी आणला, पंचविसाव्या मिनिटाला मुका. मग आतलं सगळं सांधं परत डाख देऊन पक्कं केलं. तेच. मग वायर आन् पिन बदलली. एका येळंला एकच गोष्ट बदलायची, म्हंजी दोष कुठं हाय ते कळतं, असं त्यो सांगायचा. बबनला ती चालढकल वाटायची.

चौथ्या खेपेला त्यानं कायबी बदललं न्हाई. तीन दिवस सेट आपल्या टेबलावर ठेवून नुसता वाजवला. सगळा बौद्धवाडा भवती बसून ऐकत हुता. एकदाबी बंद पडला न्हाई.

मग सेट आणून ओसरीवर ठेवला आन् उभ्याउभ्याच बबनला म्हणाला, "आप्पा, दोष सेटात न्हाई, ठेवायच्या जागंत हाय. मला एकदा जागा बघू द्या."

बबन सुपारी कातरत राहिला. मग म्हणाला, "जागंला काय बघायचं? माजघर हाय ते."

"मग कसा ठेवताय तेवढं तरी सांगा. आतलं व्हॉल्व तापत्यात. ती आच भायेर पडली पायजे."

"कोनाड्यात ठेवतो. राजावानी."

मी दाराआड हुते. त्या राजाला अंगरखा घातला कुणी? मीच की. लाल लोकरीचं कव्हर, त्यावर दोन पोपट, खाली झालर, मागनंसुदिक गच्च. आन् वरनं भिंतीला टेकवलेला. सेट चांगदेवच्या हातात द्यायचा असला की बबन कव्हर काढून खुंटीला लावायचा, लोकर मळू नये म्हणून. ओसरीवर हौसराव आन् आणखी दोन पंच बसले हुते. मी एवढी तोंडाळ, पर पंचांपुढं दारातनं बोलायची आमच्या घरात रीत न्हाई. गप राहिले.

संध्याकाळी कव्हर काढलं, सेट कोनाड्यातनं पुढं ओढला. शेवटपतूर वाजला. मी बबनला सगळं सांगितलं, चांगदेव म्हणत हुता तेच खरं, म्हटलं. बबन पोट धरून हसला.

आठवड्यानं पंचायतीची बैठक झाली. तिथं त्यो म्हणाला, "चार खेपा सेट नेला ह्यानं. आन् शेवटी दुरुस्त केला कुणी? आमच्या आक्कानं, नुसतं फडकं काढून." सगळी हसली. जागा बबनच्या मेव्हण्याच्या पोराला, संपतला, मिळाली. संपतला रेडिओतलं एवढं कळतं की बटण उजवीकडं फिरवायचं.

ललिता सासूपाशी राहिली, चांगदेव एकटाच निघाला. एसटीच्या थांब्यावर मी त्याला गाठलं.

"डागदर, माझ्या कव्हरानं तुझा घात केला रं."

"मला तिसऱ्या खेपंलाच कळलं हुतं, आक्का. मागच्या भोकांत लाल लोकर अडकली हुती."

"मग बोलला का न्हाईस, मुडद्या?"

त्यानं चष्मा वर सारला. "दौंडात लोकं मला पार सैपाकघरापतूर नेत्यात. पंखा लावून देत्यात. म्हटलं, माझ्या गावातबी एकदा कुणीतरी म्हणावं, ये, आत येऊन बघ. तेवढ्यासाठी थांबलो."

गाडी आली. मी त्याची पिशवी खिडकीतनं आत दिली.

आता ताईबाई दारात बसून एसटीच्या आवाजाकडं कान लावती. आन् संपतनं पंचायतीच्या सेटसाठी माझ्याकडं तसंच कव्हर मागितलं, धूळ बसती म्हणून. दिलं विणून. पोपट चार काढलं आन् लोकर दुपदरी घेतली. कर्णे वीस मिनिटंसुदिक टिकत न्हाईत. संपत थापट्या मारतो. फडक्याची गोष्ट बबनच्या लेखी बैठकीत हसण्यापुरतीच. परवा जेवताना म्हणाला, "आक्का, दोष कुठं असंल गं?"

मी त्याला भाकरी वाढली आन् म्हटलं, "मी काय दारातनं सांगू?"