लिंबू मालकानंच चिरडायचं

चौसाळ्यात हल्ली पोरं मला विचारतात, "भाऊ, पहिलीच गाडी घ्यायची हाय, स्पोर्ट बाईक जमंल का?" मी सरळ नाही म्हणतो. का म्हणून विचारलं की विषय बदलतो. आज सांगून टाकतो.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा, माजलगावकडच्या एका साखर कारखान्यात नुकताच चिकटलेला. तोवर बहिणीची बिनगिअरची स्कूटी तेवढी चालवली होती. क्लच काय असतो ते मोबाईलवर बघून शिकलो, म्हणजे काठावर बसून पोहायला शिकतात तसं. पण मस्ती अशी की घेईन तर चारशे सीसीचीच, पोटावर वाकून बसायची, लाल.

शेजारचे चाचा मेकॅनिक. माझं वय जेवढं, तेवढी वर्षं ते गाड्याच खोलत आलेले. ते म्हणाले, "बेटा, सहा म्हैने माझी जुनी गाडी फिरव. ही गाडी शिकायला न्हाई, शिकल्यावर घ्यायची असती." मला राग आला. म्हातारं जळतंय, असंही मनात आलं. आई माझ्याच बाजूची. म्हणाली, "लेकराची हौस हाय, होऊ द्या की."

बीडहून गाडी चाचांनीच चालवत आणली, मी मागं बसून. पूजा लिंबागणेशच्या गणपतीपुढं करायची, हे आईनं आधीच ठरवलेलं. ती आणि बहीण स्कूटीवर आल्या. नारळ फोडला, दोन्ही चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं. चाचा म्हणाले, "लिंबावरून मी काढून देतो."

"लिंबू मालकानंच चिरडायचं असतं," मी म्हणालो. कुठल्या शास्त्रात लिहिलंय, देव जाणे.

मी ऐटीत बसलो आणि गाडी चालू केली. बहीण मोबाईलवर व्हिडिओ काढत होती, म्हणून रेस देत राहिलो. डाव्या हातानं क्लच दाबून पहिला गिअरही आधीच टाकून ठेवला होता. आई ताट घेऊन पुढ्यात उभी. तिनं हेडलाइटला कुंकू लावलं, मला ओवाळलं आणि म्हणाली, "देवाच्या पाया पड की रं."

मी डावा हात उचलून छातीला लावला. स्कूटीवर डावा हात सोडला तर काही होत नाही.

गाडी उसळली. पुढचं मला सलग आठवत नाही. ताट आपटल्याचा आवाज आठवतो. गाडी आडवी, तिच्या शेजारी मी, आणि समोर फरशीवर आई. तिच्या पदरावर, केसांवर सगळं लाल लाल. ते कुंकू होतं, पण क्षणभर मला रक्तच वाटलं. आणि तरीही माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "टाकीला पोचा पडला का?"

व्हिडिओत ते स्वच्छ ऐकू येतं, नाहीतर मेलो तरी मी कबूल केलं नसतं. मी असा माणूस आहे, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

आई उजवा हात पोटाशी धरून बसली होती. मनगट वाकडं झालेलं दिसत होतं. तिनं मान वळवून टाकीकडं नीट बघितलं आणि म्हणाली, "न्हाई रं, खरचटलंय नुसतं."

चाचांनी चावी काढून खिशात घातली, मला एक कचकचीत शिवी हासडली आणि आईला उठवलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कशानं झालं हे?"

"देवळाच्या पायरीवरून घसरले," आई लगेच म्हणाली. गाडीनं लागलं म्हटलं तर पोलिसांना कळवतील आणि पोराला धरून नेतील, ही तिची भीती.

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. दारात उभे असलेले चाचाही माझ्याकडंच बघत होते.

"हो," मी म्हणालो. "पायरीवरूनच पडली. मी तिथंच होतो."